उद्या परत लावणे

मंगळवारी दुपारी चार वाजून दोन मिनिटांनी आईचा फोन आला तेव्हा धाकटी एका वेळी तीन कामं करत होती, आणि तिच्या मते तो निवांत दिवस होता.

टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर ऑफिसची मीटिंग चालू होती. नऊ चौकोनांत नऊ माणसं. त्यातली सात आवाज बंद करून आपापलं काहीतरी उरकत होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळेच मूग गिळून होते. शेजारच्या लॅपटॉपवर धाकटी एक ओळ लिहीत होती. तो तिचा पोटापाण्याचा उद्योग. जाडजूड पुस्तकांचं सार बारा मिनिटांत ऐकवणारं एक ॲप होतं. लोकांनी त्याच्याकडे पुन्हा पुन्हा वळावं म्हणून त्यांच्या फोनवर टुणकन उमटणाऱ्या ओळी ती लिहायची. ‘तीन दिवस झाले, तुम्ही आला नाहीत. सगळं ठीक आहे ना?’ ही तिचीच ओळ. ती लागू झाल्यावर परत येणारे इतके वाढले की मॅडमनी भर मीटिंगमध्ये तिचं तोंडभरून कौतुक केलं होतं. “बघा, ही कशी लिहिते. जाहिरात वाटतच नाही. घरी आई वाट बघतेय असं वाटतं.”

एके काळी धाकटी एका बैठकीत चारशे पानांचा फडशा पाडायची. आता तिसऱ्या पानावर तिचा अंगठा आपोआप फोन शोधायला लागे. याचं तिला वाईट वाटायचं, पण तेही अर्धवटच. पुरतं वाईट वाटायला जेवढा वेळ लागतो तेवढा सलग मिळत नसे.

“ठमे, कामात आहेस का?” आईने विचारलं. घरात सगळे तिला धाकटी म्हणत. आई आणि दादा मात्र ठमी.

“नाही गं, बोल.”

आई नेहमी साधाच फोन करायची. चेहरा दाखवणारा फोन तिला खपत नसे. “तोंड बघत बसलं की ऐकायचं राहून जातं,” असं तिचं म्हणणं. आणि ऐकण्याच्या बाबतीत तिच्यापुढे बोलायची कोणाची प्राज्ञा नव्हती. एकतीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परगावचे ट्रंक कॉल जोडले होते. डोक्यावर हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. लाईन जिवंत आहे की मेली हे तिला बोर्डावरच्या दिव्याआधी कानाने कळायचं. दर तीन मिनिटांनी मध्ये जाऊन विचारायचं, “तीन मिनिटं झाली. वाढवू?” आणि पलीकडचा म्हणाला “वाढवा”, की वाढवायचं.

नोकरी संपली तरी ते वाक्य गेलं नाही. मुलीशी गप्पा रंगल्या की आई मध्येच आवाज बदलून, अगदी सरकारी सुरात विचारायची, “तीन मिनिटं झाली. वाढवू?” आणि धाकटीने तितक्याच गंभीरपणे म्हणायचं, “वाढवा.” तिला शाळेच्या वयापासूनची सवय होती.

आईची दुसरी सवय होती ती अंदाज न करण्याची. एक्स्चेंजमध्ये नवी असताना तिने एकदा खरखरत्या लाईनवरून कोणाचा तरी निरोप घेतला होता. मधला तुकडा ऐकू आला नाही, तो तिने मनानेच भरला. त्या भरवशावर एक माणूस दोन दिवस स्टेशनवर भावाची वाट बघत बसला. आई ही गोष्ट दर वर्षा-दोन वर्षांनी सांगायची, आणि शेवट कायम एकच असायचा. “ऐकू आलं नाही तर ‘ऐकू आलं नाही’ म्हणायचं. अंदाजाने जोडायचं नाही.”

“गुरुवारचं पक्कं झालं,” आई सांगत होती. “सकाळी आठला बोलावलंय. दादा म्हणतो साडेसातला निघू. म्हणजे सहापासून माझ्या डोक्यावर उभा राहणार.”

“मास्तरच तो. डॉक्टरांचीही हजेरी घेईल.”

“घेऊ दे. त्यांचंही अक्षर वाईट आहे.” आई हसली. “पित्ताशयात खडे आहेत म्हणे चार. इतकी वर्षं सुखाने नांदले, आता निघा म्हणावं. बरं, ते असो. आज मला तुझ्याशी जरा वेगळं बोलायचंय. दादासमोर नाही बोलता येत, तो लगेच चष्मा काढून पुसायला लागतो. तू ऐक आणि नीट लक्षात ठेव.”

“हो, ऐकतेय.”

नेमक्या त्याच वेळी मोठ्या पडद्यावरून मॅडमनी हाक मारली. धाकटीच्या बोटाला सवय होती. तिने फोनवरचा स्वतःचा आवाज बंद केला आणि मीटिंगमधला चालू केला.

ही क्लृप्ती दोन वर्षांची. एका कानात आई, दुसऱ्या कानात ऑफिस. आईकडचा आवाज बंद ठेवायचा, म्हणजे तिला टायपिंग ऐकू जात नाही; आणि अधूनमधून तो उघडून एक ‘हं’ किंवा ‘अगंबाई’ टाकायचं. इतक्या दिवसांत तिला त्याचा ताल सापडला होता. आईचा आवाज थोडा खाली उतरला की ‘हं’. वर चढला की ‘मग?’. यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. आईला बोलायला मिळतं, आपलं काम होतं, आणि रोजचा फोन चुकत नाही. मैत्रिणींमध्ये रोज आईशी बोलणारी ती एकटीच होती.

त्या दिवशी ती मध्ये दोनदा आईकडे वळली. पहिल्यांदा तिच्या कानावर “...आत्याच्या वेळी जे केलं ना, ते...” एवढं पडलं आणि तिने ‘हं’ टाकलं. दुसऱ्यांदा आई विचारत होती, “तीन मिनिटं झाली. वाढवू?”

“हं,” धाकटी म्हणाली.

पलीकडे थोडा वेळ काहीच आलं नाही. तेवढ्यात तिने ओळीतला एक शब्द बदलून घेतला.

“ठेवू मग?” शेवटी आई म्हणाली.

“ठेव. आणि काळजी घे.”

काय बोलली ते रात्री विचारू, असं तिच्या मनात आलं होतं. मग ओळ पसंत पडली, मग आणखी तीन मागवल्या गेल्या, आणि ते राहून गेलं.

बुधवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी दादाचा फोन आला. शाळेच्या वेळात दादा जन्मात कधी फोन करत नसे. 

“ठमे, आई पडली. ओट्यापाशी. तू नीघ.”

* * *

खडे राहिले बाजूलाच. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. धाकटी चार तासांचा प्रवास करून पोचली तेव्हा आई यंत्रावर होती, आणि शुक्रवार उजाडला तरी तिने डोळे उघडले नव्हते.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता डॉक्टरीणबाईंनी तिघांना आपल्या खोलीत बोलावलं. दादा, वहिनी, धाकटी. खोली एवढीशी, खुर्च्या तीनच. डॉक्टरीणबाई स्वतः टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. वयाने धाकटीपेक्षाही लहान असतील. डोळ्यांखाली काळं झालेलं, पण बोलणं एकेक शब्द नेमका.

“घशातली नळी फार दिवस ठेवता येत नाही,” त्या म्हणाल्या. “आता दोन रस्ते आहेत. एक, गळ्याला छेद देऊन कायमची नळी बसवायची आणि यंत्र चालू ठेवायचं. त्या तशा काही महिने राहतील, कदाचित वर्षही. दुसरा, यंत्र काढून घ्यायचं, त्यांना त्रास होणार नाही एवढं बघायचं, आणि जे होईल ते होऊ द्यायचं. त्या पुन्हा बोलतील, तुम्हाला ओळखतील, असं मला वाटत नाही. खोटी आशा दाखवत नाही.”

दादाने चष्मा काढला.

“मी तुम्हाला तुमची इच्छा विचारत नाहीये,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “त्यांची काय असती, ते विचारतेय. कधी बोलल्या होत्या का? गंमतीत, रागात, कशाही?”

“बोललीये,” दादा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात तीन दिवसांत पहिल्यांदा जरा धीर आला. “माझ्याशी नाही. हिच्याशी. मंगळवारी सकाळी मला म्हणाली, ऑपरेशन बारीकसंच आहे, पण वय झालंय. पुढचंमागचं सगळं आज ठमीला सांगून ठेवते. संध्याकाळी मी विचारलं, बोललीस का? तर म्हणाली, ‘बोलले.’ मी म्हटलं काय? तर म्हणे, वेळ आली की ती सांगेल.”

तिघांचे डोळे धाकटीकडे वळले.

“हो,” ती म्हणाली. शब्द तोंडातून निघून गेला तेव्हा तिला कळलं की आपण तो बोललो. “म्हणजे... बोलली होती.”

“काय म्हणाल्या?”

“मला जरा वेळ द्या. प्लीज.”

डॉक्टरीणबाईंनी घड्याळ बघितलं. “चारला माझी दुसरी फेरी संपते. तेव्हा भेटू. त्यापुढे थांबवणं कठीण आहे. आणि त्यांचे जुने रिपोर्ट घरी असतील तर आणून ठेवा.”

बाहेर आल्यावर दादा तिच्यावर चिडेल असं तिला वाटलं होतं. लहानपणापासून त्याला उत्तर एका वाक्यात लागायचं. पण त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “सावकाश सांग. सोपं नसणार ते. मला तर तिने सांगितलंसुद्धा नाही.”

“तुमच्यावरच टाकलं त्यांनी,” वहिनी म्हणाली. “कोणाला कान आहे, ते त्यांना बरोबर ठाऊक.”

धाकटीला वाटलं, यापेक्षा वहिनीने एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

* * *

कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीखाली एक बाक होता. तिथे बसून तिने फोन काढला. समोर ओळीने बसलेली सगळी माणसं माना खाली घालून आपापल्या पडद्यात होती. नर्स कोणाला तरी हाका मारत होती. तिसऱ्या हाकेला एका माणसाने दचकून वर पाहिलं आणि विचारलं, “मला?”

चार वाजून दोन मिनिटं. चोवीस मिनिटं, अकरा सेकंद. फोनमध्ये एवढं होतं. बोलणं कुठेच साठवलेलं नव्हतं.

मग तिने उलट बाजूने शोध घेतला. त्या चोवीस मिनिटांत आपण काय करत होतो? ते मात्र सगळं होतं, मिनिटामिनिटाने. चार वाजून सहा मिनिटांनी तिने मॅडमना ओळ पाठवली होती. चार नऊला एका सहकाऱ्याच्या विनोदावर हसरा चेहरा. चार अकराला टेबलावरच्या दिव्याची शेड मागवली होती, फिकट पिवळी. ती उद्या घरी पोचणार असल्याचा निरोपही आला होता. चार चौदाला एका अनोळखी बाईच्या मांजराचा व्हिडिओ, पूर्ण बघितलेला. चार एकोणीसला कोणाच्या तरी वाढदिवसाला फुगे. चार एकोणीसला कोणाच्या तरी वाढदिवसाला फुगे.

मांजर तिला स्पष्ट आठवलं. करडं होतं, खोक्यात बसायचा प्रयत्न करत होतं. खोकं लहान होतं.

आई काय म्हणाली ते आठवेना.

तिने डोळे मिटून कानात प्राण आणून ते चोवीस मिनिटांचं भुयार पुन्हा पुन्हा पालथं घातलं. हाताला एकच तुकडा लागत होता. ‘आत्याच्या वेळी जे केलं ना, ते...’ आत्या अशीच सात महिने यंत्रावर होती. घरच्यांनी आळीपाळीने बसून तिचं सगळं केलं होतं. आई रोज जायची, तिच्या पायाला तेल चोळायची. ‘ते माझ्या वेळी करू नका,’ असं होतं का ते? की ‘ते माझ्याही वेळी करा’? आत्या गेल्यावर आई म्हणाली होती, “सुटली बिचारी.” पण हेही म्हणाली होती, “सात महिने तिचे हात गरम होते. तेवढं तरी मिळालं.” दोन्ही वाक्यं आईचीच. आणि दोन्ही खरी.

फोन थरथरला. पडद्यावर एक ओळ उमटली.

‘तीन दिवस झाले, तुम्ही आला नाहीत. सगळं ठीक आहे ना?’

क्षणभर, अगदी एक क्षणच, तिला ते आईने विचारलंय असं वाटलं. मग खाली ॲपचं चिन्ह दिसलं. कामासाठी ते तिच्याही फोनवर होतं. मंगळवारपासून तिने ते उघडलं नव्हतं, आणि ओळ ठरल्याप्रमाणे, ठरल्या वेळी तिला बोलवायला आली होती.

तिने फोन पालथा ठेवला. आणि तेव्हाच, न बोलावता, दुसरी ओळ तिच्या डोक्यात तयार झाली. ‘ठमे, आत्याच्या वेळी जे केलं ना, ते माझं करू नका. मला नळ्या नकोत. तुम्ही दोघं जवळ बसा, तेवढं पुष्कळ झालं.’

ओळ अगदी बिनचूक होती. आईचा सूर, आईचं ‘पुष्कळ झालं’, सगळं जागच्या जागी. दादाने ऐकली असती तर आईच बोलली म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवला असता. हवं तर उलटीही जमली असती. ‘मला इतक्यात सोडू नका गं.’ तीही तितकीच आईची वाटली असती. गेली पाच वर्षं ती हेच करत होती. कोणाच्याही नावाने, मायेने बोलल्यासारखं वाक्य. आणि या वाक्याने कोणाचं वाईटही होणार नव्हतं. दादाच्या डोक्यावरचा भार उतरणार होता. बहुधा आई असंच काहीतरी म्हणाली असणार.

बहुधा.

तिने घड्याळ पाहिलं. दोन चाळीस.

“रिपोर्ट आणते,” तिने वहिनीला सांगितलं आणि ती घराकडे निघाली. रिपोर्ट हे निमित्त होतं. आई सगळं लिहून ठेवते, हे तिला एकदम आठवलं होतं.

* * *

घर पायी दहा मिनिटांवर. आईच्या खोलीत पलंगाशेजारी छोटं टेबल होतं. त्यावर फोनचा चार्जर, चष्म्याचं घर, अर्धा ग्लास पाणी. मंगळवारचं की बुधवारचं, कोण जाणे. खणात ती लांबट वही होती. पट्टीने आखलेले रकाने : तारीख, वेळ, कोण, मिनिटं, शेरा. एक्स्चेंजमध्ये प्रत्येक कॉलची अशी नोंद ठेवावी लागे. नोकरी सुटली, पण आईला नोंदीवाचून फोन केल्यासारखं वाटेना. दादा यावरून तिची टर उडवायचा. वही उघडून मात्र कधी कोणी बघितली नव्हती.

धाकटीने उभ्यानेच पानं उलटली. मंगळवार गाठण्याची घाई होती, तरी मधलं नजरेला पडत गेलं.

‘ठमी. ३१ मिनिटे. बोलणे पूर्ण. खूप हसलो.’

‘ठमी. २२. बोलणे पूर्ण. सर्दी झाली आहे तिला.’

मग दोन वर्षांपूर्वीच्या पानांवर : ‘ठमी. १८. पलीकडे दुसरे काम चालू. टायपिंग ऐकू येते.’

‘ठमी. १५. टायपिंग.’

आणि पुढच्या महिन्यात, एका नोंदीत, बारीक अक्षरात : ‘टायपिंग बंद झाले. पण श्वासही येत नाही. खोलीचा आवाजही नाही. माणूस गप्प असला तर लाईन अशी नसते. ही तिकडून बंद केलेली आहे.’

धाकटी पलंगावर बसली.

ज्या बाईला एकतीस वर्षं जिवंत लाईन आणि मेलेली लाईन यांतला फरक दिव्याआधी कळत होता, तिला आपण बटण दाबून फसवत होतो. तिच्या कानात आपलं ‘हं’ कुठल्या मुक्या अंधारातून उमटत असेल, आणि पुन्हा त्यात बुडत असेल, हे आपल्या कधी मनातही आलं नाही. 

त्या नोंदीनंतर आईने लिहिणं आटोपतं घेतलं होतं. बंद लाईनसाठी एक खूण ठरवली होती : छोटंसं वर्तुळ. धाकटीने पानं उलटली. वर्तुळ. वर्तुळ. वर्तुळ. मध्येच एखाद्या रविवारी ‘बोलणे पूर्ण’, आणि त्याखाली रेघ. पुन्हा वर्तुळं. कुठे तक्रारीचा शब्द नव्हता. रोज चार वाजता तरीही फोन लावलेला होता.

शेवटच्या पानावर मंगळवार.

‘४.०२ ते ४.२६. ठमी.’ पुढे वर्तुळ. ‘महत्त्वाचे सांगितले. पोचले नाही. उद्या परत लावणे.’

तिने पान उलटलं. कोरं. मागचं बघितलं. खण पूर्ण बाहेर काढला, चिठ्ठ्या, बिलं, औषधांचे कागद पलंगावर ओतले. महत्त्वाचं जे सांगितलं, ते काय, हे कुठेही नव्हतं. आईने ते लिहिलं नव्हतं, कारण ती ते उद्या पुन्हा सांगणार होती.

बुधवारी चार वाजायला पाच तास चाळीस मिनिटं कमी पडली.

तिने रिपोर्ट गोळा केले. वही पिशवीत सगळ्यात तळाशी घातली. वर रिपोर्ट ठेवले, त्यावर आईचा स्वेटर. वही कोणी बघितलेली नव्हती. कोणी मागितलीही नसती. वही तळाशी राहिली असती तर आईचं ‘बोलले’ तेवढं खरं ठरलं असतं. दादाने विचारलं तेव्हा आई खोटं बोलली नव्हती. ती बोलली होती. पोचलं नाही, एवढं तिने स्वतःपाशी ठेवलं होतं. वेळ आली की ती सांगेल, असं म्हणून तिने मुलीला पाठीशी घातलं होतं, बुधवारच्या भरवशावर.

* * *

चारला पाच कमी असताना ती परत पोचली. डॉक्टरीणबाई खोलीत होत्या. दादा आणि वहिनी आधीच बसले होते, आणि मधली खुर्ची तिच्यासाठी मोकळी ठेवली होती.

तिने रिपोर्ट टेबलावर ठेवले. पिशवी मांडीवर घेतली. तळाशी वहीचा कडक कोपरा मांडीला टोचत होता.

“बोला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“एक मिनिट,” दादा मध्येच म्हणाला.  “ठमे, आधी माझं ऐक. मला तिला सोडायचं नाहीये. नळी लावा, दहा नळ्या लावा, मी शाळा सोडून पायाशी बसेन, असं मला वाटतंय. पण ते मला वाटतंय. तिने तुला जे सांगितलं असेल, ते मी करीन. अगदी उलट असलं तरी करीन, आणि तुला जन्मात बोल लावणार नाही. फक्त एक कर. गोळाबेरीज सांगू नकोस. तिच्या शब्दांत सांग.”

“सांगते.”

ओळ तयार होती. जिभेच्या टोकावर होती. तिच्यात एकही शब्द कमी-जास्त नव्हता.

“दादा, ती म्हणाली...”

टेबलावर डॉक्टरीणबाईंचा फोन थरथरला. त्यांनी न बघता तो पालथा घातला आणि नजर धाकटीवरून हलवली नाही. वहिनीने तिचा हात हातात घेतला. दादा पुढे वाकला. त्याने चष्मा काढला नाही. चेहरा तिच्याकडे, कान तिच्याकडे, श्वाससुद्धा रोखलेला. खोलीत तीन माणसं होती आणि तिघंही फक्त ऐकत होती. बाहेर कोणाची तरी चाकाची खुर्ची करकरत गेली, तरी एकाची मान वळली नाही.

असं ऐकणारं माणूस तिने फार दिवसांत बघितलं नव्हतं. मग तिला उमगलं, बघितलं नव्हतं एवढंच. रोज चार वाजता पलीकडे होतं.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. मिनिटकाटा पुढे सरकला. पहिलं मिनिट. दुसरं.

“काय म्हणाली?” दादाने हळूच विचारलं.

धाकटीने पिशवीत हात घातला. स्वेटर बाजूला केला, वही काढली आणि शेवटचं पान उघडून त्याच्यापुढे ठेवली. वर्तुळ दादाला कळणार नव्हतं. ते कोणालाच कळणार नव्हतं. ते तिलाच सांगावं लागणार होतं, तोंडाने, आवाज उघडा ठेवून.

“मला माहीत नाही काय म्हणाली,” ती म्हणाली. “फोन चालू होता. ती चोवीस मिनिटं बोलत होती. मी माझा आवाज बंद करून काम करत होते. मांजर बघत होते. दादा, मी ऐकत नव्हते. मंगळवारी नाही, आणि त्याआधी दोन वर्षंही नाही. तिला ते माहीत होतं. मी ऐकत नव्हते.”